कारण विचारू नका

पार्ल्यात पूर्वेला, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दोन मशीन, एक उभा आरसा आणि पडद्याआड माप घ्यायची जागा. एकवीस वर्षं मी त्या पडद्याआड बायकांचं ऐकत आलेय. अंगाला टेप लागला की बाई बोलायला लागते. का, ते मला माहीत नाही. सासूचं, नवऱ्याचं, ऑफिसातल्या साहेबाचं, सगळं ऐकायचं आणि दुकानाच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढं मी पाळलं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझंच काहीतरी बिनसलं. सकाळी डोळे उघडले की अंग उचलावंसंच वाटायचं नाही. जेवणात चव लागेना. कापायला कापड समोर घ्यायचे आणि हातात कात्री धरून नुसती बघत राहायचे. एकदा एकाच ब्लाउजला दोन डाव्या बाह्या कापल्या. पैठणीचं कापड होतं.

"झालंय काय तुला?" घरी विचारायचे. तिथेच माझी अडचण व्हायची, कारण काहीच झालं नव्हतं. नवरा दारू पीत नाही, मुलगी नोकरीला लागलेली, अंधेरीत स्वतःचं घर. कुणी आजारी नव्हतं, कुणी गेलं नव्हतं.

"मग रडायला काय झालं?" नवरा म्हणायचा. रागाने नाही, त्याला खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. दुःखाला कारण दाखवता आलं नाही तर रडायचा हक्कच नाही, असं मीही तेव्हा धरून चालले होते. आज कुणी तसं म्हटलं तर मी भांडते.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मी मापांची वही उघडली. प्रत्येक मापाखाली फोन नंबर असतो. कुणाशी तरी बोलायचंच, नाहीतर हे मला गिळून टाकेल, एवढं त्या दिवशी पक्कं झालं होतं. गोड बोलणाऱ्या दहा जणी होत्या. त्यांनी आधी हळहळ केली असती, मग कुणाकुणाला सांगितलं असतं. मी फोन लावला तो सगळ्यात खडूस गिऱ्हाईकाला. निवृत्त शिक्षिका, एकटी राहणारी, प्रत्येक ब्लाउज दोनदा परत आणणारी बाई.

"काकू, मी टेलर बोलतेय."

"झाला ब्लाउज?"

"नाही. मला तुमच्याशी बोलायचंय."

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल. मला बरं वाटत नाहीये. म्हणजे ताप वगैरे नाही."

मग त्या म्हणाल्या, "शटर अर्धं ओढून घे. मी येते."

रिक्षाने आल्या. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "बोल." मी अर्धा तास बोलले. वाक्य धड पूर्ण होत नव्हतं, मध्येच नाक गळत होतं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला नाही, की "सगळं ठीक होईल" म्हणाल्या नाहीत. कारणही विचारलं नाही. माझं बोलून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला.

"जीव द्यावासा वाटतो का?"

इतकं सरळ मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "तसं नाही. पण सकाळी उठलेच नाही तर बरं, असं वाटतं."

"हे डॉक्टरांना सांगायचं. असंच्या असं. शब्द बदलायचा नाही. उद्या मी बरोबर येते."

आणि आल्या. महापालिकेच्या हॉस्पिटलात मानसोपचाराच्या ओपीडीबाहेर आम्ही दोघी बाकावर बसलो. ओळखीचं कुणी दिसलं तर, म्हणून मी पदर ओढून घेत होते. काकू खेकसल्या, "चोरी केलीयस का? नीट बस." मी नीट बसले. डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. मी त्यांना ते वाक्य शब्द न बदलता सांगितलं.

गोळ्या सुरू झाल्या. दर पंधरा दिवसांनी बोलायला जायचं ठरलं. एकदम काही फरक पडला नाही. दीड-दोन महिन्यांनी एका सकाळी चहा चांगला लागला, तेव्हा कळलं की उतार पडतोय.

पण आता घरात वेगळंच सुरू झालं. गोळ्यांचं कळल्यावर मानखुर्दहून नणंद आली. आमची माणसं मूळची मालवणकडची; रागावली की ती मालवणीत शिरते. "खुळी झालंस की काय? कोणाक सांगू नको हां. चेडवाचा लगीन रवलाहा." मुलीचं लग्न व्हायचंय, मी तोंड मिटून बसावं, असं तिचं म्हणणं. नवरा मान हलवत होता. त्याने गोळ्यांची पाकिटं कपाटात साड्यांखाली ठेवली. मी ती काढून फ्रिजवर, त्याच्या बीपीच्या गोळ्यांशेजारी ठेवली. त्याने परत लपवली, मी परत काढली. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी तो दमला.

पुढच्या मे महिन्यात मुलीला बघायला माणसं आली, नणंदही मुद्दाम आली होती. मुलगा इंजिनियर, घर बोरिवलीला. पोहे झाले. मुलाच्या आईची नजर फ्रिजवर गेली.

"कुणाला बरं नाही का?"

नवरा घाईने म्हणाला, "माझं बीपी."

"डावीकडच्या त्यांच्या," मी म्हटलं. "उजवीकडच्या माझ्या. मला नैराश्याचा आजार झाला होता. डॉक्टर आहेत, औषध चालू आहे, आता पुष्कळ बरी आहे."

नणंदेने डोळे मिटून घेतले. मुलाच्या आईने "अच्छा" म्हणून कप खाली ठेवला. चार दिवसांनी तिचा फोन आला, मुलाचा विचार बदललाय म्हणून.

"मुलाचा नाही, तुमचा बदललाय," मी म्हटलं. "पण हरकत नाही, स्पष्ट कळवलंत ते बरं केलंत."

नवरा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आपल्यापायी मुलीचं नुकसान झालं, असं मनात येऊन मला परत रडू फुटलं. मुलगी ऑफिसातून आली, सँडल काढता काढता तिने सगळं ऐकलं आणि माझ्यावरच चिडली.

"रडतेस काय? उद्या त्या घरात मलाच असं काही झालं असतं, तर मी कुणाला सांगायचं होतं?"

मी डोळे पुसले. नवरा उठून आत गेला आणि तिच्यासाठी ताट वाढून घेऊन आला.