एकसष्ट जणांकडे गेलेली मावशी

एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांची लग्नं, शाळांची संमेलनं आणि दुकानांची उद्घाटनं टिपत आली होती. ओळखीपाळखीचे तिला कॅमेरेवाली म्हणत. कपाटात हार्ड डिस्कची चळत होती आणि तिच्यात जगाचे आनंद भरले होते. स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. चाळिशी उलटल्यावर तिने मनावर घेतलं आणि एक फिल्म केली, आपल्या मावशीवर.

मावशी एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. अख्खी इमारत तिला हॅलोमावशी म्हणे. ती बोलायला बसली की समोरच्याचा चहा गार होई. तीन वर्षं, सुट्टीच्या सकाळी, कॅमेरेवाली तिला खिडकीपाशी बसवी आणि मावशी टेलिफोन जोडायच्या बोर्डाच्या गोष्टी सांगे: कोणाची तार कुठे खुपसायची, कोण फोनवर नुसतंच रडायचं, कोण ‘हॅलो’सुद्धा न म्हणता थेट भांडायला लागायचं. त्यातून सत्तर मिनिटांची फिल्म झाली. महोत्सवांनी ती साभार परत पाठवली. एका थिएटरच्या मालकाने विचारलं, म्हातारी नुसती बोलतेच, की पुढे काही होतं?

शेवटी संकलनात मदत करणाऱ्या मैत्रिणीने सुचवलं की आपली फिल्म आपणच विक. इंटरनेटवर एक पान उघडायचं, ज्याला हवी त्याने पैसे भरायचे आणि फाइल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. एकदा उतरवली की ती त्याची, पाहिजे तितक्या वेळा बघावी. कॅमेरेवालीला नेमकं हेच आवडलं. कोणाच्या तरी घरात मावशी कायमची राहील, असं तिला वाटलं.

शनिवारी सकाळी दहाला तिने पान उघडलं आणि त्या क्षणापासून तिला एकच काम उरलं. दर दोन मिनिटांनी आकडा बघायचा. पहिली फिल्म दिराने घेतली, ती धरायची की नाही यावर तिचं आणि नवऱ्याचं एकमत होईना. संध्याकाळपर्यंत सतरा झाल्या. रविवारी कुठल्याशा लांबच्या गावाहून एकाने लिहिलं की माझी आईही ऑपरेटर होती, आज पहिल्यांदा तिचं काम कळलं. सोमवारी सकाळी आकडा एकसष्टवर गेला आणि साडेनऊला मावशीचा फोन आला.

“ते मधलं काढून टाक,” मावशी म्हणाली. “गुरुवारच्या फोनचं.”

कॅमेरेवालीला विचारावं लागलं नाही. पन्नासाव्या मिनिटाला मावशी सांगते की आमच्याच जिन्यातला एक गृहस्थ दर गुरुवारी दुपारी परगावच्या एका बाईला फोन लावायचा. ऑपरेटरने ऐकायचं नसतं, मी ऐकायचे. एका गुरुवारी तो तिला म्हणाला, पहिल्या तारखेला सामान घेऊन कायमचा येतो. त्या संध्याकाळी त्याची बायको माझ्या कोटाला अस्तर लावत होती, तोंडात टाचण्या धरून. मी काही बोलले नाही. वीस दिवसांनी तो गेला, तो गेलाच.

नाव कुठेच नव्हतं. पण जिना तोच होता, आणि त्या जिन्यात कपडे शिवणारी एकच बाई राहत होती. मावशीच्या समोरच्या दारातली टेलरकाकू. चाळीस वर्षांची मैत्रीण. फिल्म जोडताना कॅमेरेवालीच्या हे ध्यानात आलं होतं. पण सत्तर मिनिटांतली तीच सहा मिनिटं सगळ्यांत जिवंत होती. नाव घेतलेलं नाही ना, मग झालं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. मावशीनेही फिल्म दोनदा पाहून मान डोलावली होती. पण तेव्हा खोलीत त्या दोघीच होत्या. आज सकाळी टेलरकाकू दारात येऊन म्हणाली होती, “लेक शनिवारी येतेय, तिच्या लॅपटॉपवर तुझा सिनेमा बघू.” तेव्हा कुठे मावशीच्या पायाखालची जमीन सरकली.

कॅमेरेवालीने पान बंद केलं. साधा सहा मिनिटांचा तुकडा कापायला तिला तासभर लागला. कापलेल्या जागी मावशी एकदम खिडकीतून दाराकडे उडी मारल्यासारखी दिसे. तिथे तिने बोर्डाचा जुना फोटो टाकला. नवी फाइल चढायला दुपार झाली. पण चढवणं सोपं होतं. गेलेल्या एकसष्ट फाइली माघारी कशा बोलवायच्या? बाणासारखंच ते, सुटला तो सुटला.

फिल्म घेणाऱ्यांचे ईमेलचे पत्ते तिच्याकडे होते. तिने पत्र लिहिलं की एक खाजगी भाग चुकून राहिला आहे, कृपया जुनी फाइल पुसून टाका. नवरा चष्म्याच्या दुकानातून जेवायला आला होता, त्याने ते वाचलं. “हे वाचून मी आधी तो भागच शोधीन,” तो म्हणाला. त्याचं खरं होतं. मग तिने लिहिलं की आवाजात दोष आहे, नवी फाइल घ्या, जुनी पुसा. हे खोटं होतं, तरी तिने पत्र पाठवलं.

उत्तरं येऊ लागली. एकाने फाइल पुसली होती. एकीने आपल्या भावाला आधीच देऊन टाकली होती, त्याला सांगते म्हणाली. रेडिओवरून निवृत्त झालेल्या एका ध्वनितज्ज्ञाने कळवलं की हेडफोन लावून दोनदा ऐकलं, आवाज स्वच्छ आहे, दोष कितव्या मिनिटाला ते सांगावं. ती कपाळाला हात लावून बसली असतानाच फोन वाजला. टेलरकाकूची लेक होती. तिने शनिवारीच आपल्या ऑफिसच्या पत्त्यावरून फिल्म घेतली होती, म्हणून यादीत ती ओळखू आली नव्हती.

“ताई, आवाजात दोष नाही हे तुलाही माहितेय,” ती म्हणाली. “आईने काल पाहिली. माझ्याकडे, शेवटपर्यंत. मग तेवढा भाग मागे घ्यायला लावला आणि पुन्हा पाहिला.”

मग काकूने मावशीला शनिवारचं का सांगितलं, असं कॅमेरेवालीने विचारलं.

“मावशी आपणहून येऊन सांगतात का, ते तिला बघायचंय. तुला बोलले हे तिला कळू देऊ नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कॅमेरेवाली ते गुपित पोटात घेऊन फिरली. मग तिला ते सोसवेना आणि तिने मावशीचं घर गाठलं. मावशी रात्रभर जागीच असावी. टेबलावरचा चहा साय धरून बसला होता. तिने एवढंच विचारलं की शनिवारी आता नवीच फिल्म दिसेल ना. कॅमेरेवालीने खुर्ची ओढली आणि काही हातचं न राखता सगळं सांगितलं: काकूने पाहिली आहे, दोनदा पाहिली आहे, आणि ती वाट बघतेय.

मावशी उठली, केस नीट केले आणि समोरच्या दारात गेली. दार लागलं. कॅमेरेवाली या खोलीत कान टवकारून बसली. बोलणं ऐकू येत नव्हतं. एकदा शिलाई मशीन सुरू झालं, थोडं चाललं, थांबलं. सव्वा तास गेला.

मावशी परत आली ती भिंतीला हात लावत. हळूहळू तिने सांगितलं. टेलरकाकूला नवऱ्याचं दोन वर्षं आधीपासून ठाऊक होतं. त्याच्या खिशात तिला पत्रं सापडली होती. त्याच्या जाण्याचं दुःख तिने केव्हाच गिळलं होतं. तिला लागलं ते वेगळंच.

“ती म्हणाली, सात वर्षं मी तुला सांगत होते की ते परगावी नोकरीला आहेत. पगार वाढला, साहेब रजा देत नाही. घरी आल्यावर मला माझीच लाज वाटायची. आणि तू सगळं माहीत असून मान हलवत होतीस.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? हलवत होतेच की.”

फिल्मचं काय करायचं, हेही मावशीने विचारलं होतं. टेलरकाकूचं उत्तर असं की कापलंय ते कापलेलंच राहू दे. बाकी त्या एकसष्ट जणांना मी ओळखत नाही, ओळखीची होतीस ती तू एकटी.

त्या दुपारी कॅमेरेवालीने सगळ्यांना दुसरं पत्र धाडलं. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं होतं, माझ्या हव्यासापायी एका बाईचं दुखणं बाजारात गेलं, ते थांबवायला मदत करा, एवढंच. ध्वनितज्ज्ञाने अर्ध्या तासात कळवलं की फाइल पुसली आणि आता कानांवर पुन्हा विश्वास बसला. पन्नास जणांनी होकार दिला. अकरा जणांकडून काही आलं नाही, आजतागायत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांवरून कॅमेरा फिरवताना अनोळखी चेहरा आपल्याकडे टक लावून बघताना दिसला, की हा त्या अकरांतला तर नाही, असं तिच्या मनात येतं.

पान पुन्हा उघडलं. छोटी फिल्म बेताने विकली जात राहिली. एका बघणाऱ्याने लिहिलं की शेवटाकडे बाई काहीतरी सांगता सांगता राहून जाते.

दोन महिने समोरचं दार मावशीसाठी उघडलं नाही. जिन्यात भेट झाली की टेलरकाकू वाट सोडून उभी राही, पाहुण्यासाठी राहावी तशी. मावशीचं बोलणं आटलं. भाचीपाशीसुद्धा ती हो-नाहीवर भागवू लागली. मग एका सकाळी काकूने दार ठोठावलं. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, लेकीला सुट्टी नव्हती, आणि औषध घातल्यावर एकटीला रस्ता दिसणार नव्हता. येतेस का, असं तिने विचारलं, दुसरं काही नाही. मावशीने चपला घातल्या.

दवाखान्यात त्या तीन तास बसल्या. काय बोलल्या ते कॅमेरेवालीला कळलं नाही. मावशीने फोनवर इतकंच सांगितलं की रांग मोठी होती, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे.