सूनबाईची लाथ आणि माझी कंबर

अक्का, खोकला थांबला का? रामभाऊ, गुडघा काय म्हणतो? वहिनी, चक्कर बंद झाली ना?

आज सकाळी सरकीचं पोतं वाकून उचललं अन् माझी कंबर धरली. कळ थेट पोटरीत! उद्या बीबी गावाला नातीचं बारसं.

पायाकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते, ही आपली रीत. घरात पायाळू एकटी सूनबाई. ती म्हणे, "मामाजी, मले पाप लागंल."

बायको म्हणे, "मार वो पोरी, माह्या वाट्याचीबी एक घाल!"

शेवटी डॉक्टर गाठले. ते म्हणाले, "वाकून ओझं उचललं, नस दबली असंल. लाथ मुळीच नको. शेका, थोडं चाला अन् खुशाल बारशाला जा."

बायको हिरमुसली. सूनबाईनं मात्र घरभर साखर वाटली!

तुमच्याकडं उसणीवर अजून लाथच चालते का? लवकर लिहा.