साहेबाच्या चहाची किंमत

मंडळी, साहेबाच्या एका कप चहाची खरी किंमत आज कळली: आपल्या मेसमधल्या दाऊदचा उजवा पाय.

तीन महिन्यांपूर्वी इथे आखातात, शुऐबा बंदरावरच्या यार्डात साहेबाने त्याला चहा आणायला पाठवलं. वाटेत रचलेल्या पाइपांमधला एक घरंगळून पायावर आला आणि पाय कापावा लागला. कामावर इजा झाली की भरपाई मिळते, म्हणून आज सकाळी मी त्याला घेऊन ऑफिसात गेलो. काल जेवताना ऐटीत म्हणालोच होतो ना, "माझं इंग्रजी ऐकलं की साहेब स्वतः खुर्ची पुढे करतात!"

साहेब म्हणाला, "हा फिटर. चहा आणणं याचं काम नाही. आपखुशीने गेला."

दाऊद हळूच मला म्हणाला, "भाई, नाय बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी कामावर ठेवला असता काय?"

मी तेच इंग्रजीत सांगितलं. साहेबाने मान हलवून दार दाखवलं.

बाहेर पडतो तोच माझ्या तिखट कानांवर त्याची हाक आली, "हमीद, चाय लाओ!" हमीद वेल्डर आहे. हातातलं काम टाकून धावला.

आता तुम्हीच सांगा, उद्या हमीद पडला तर तो कामावर पडला म्हणायचं की आपखुशीने?

आणि हो, खुर्ची कुणी दिली नाही. सगळा वेळ आम्ही उभेच होतो, दाऊद कुबड्यांवर.