खंडेनवमीचा शाफ्ट

कवठे महांकाळच्या नाक्यावरचा आमचा मिस्त्री काहीही विचारलं तरी आधी चिमूटभर ग्रीस बोटांत चोळत बसतो. मग म्हणतो, "बगूया की." माझ्या जुन्या पाण्याच्या टँकरपायी माझं निम्मं आयुष्य या 'बगूया की'त गेलंय.

खंडेनवमीला भरलेला टँकर नेमका त्याच्या दारात बसला. मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा जॉइंट तुटला होता. जतकडच्या वस्तीवर लोक सकाळपासून घागरी मांडून बसलेले, आणि याचे सगळे पाने पाटावर, झेंडूच्या फुलांत.

"आज हत्याराला हात लावत न्हाई."

"मग माझा पाना घ्या."

माझ्या पान्यालाही बायकोनं सकाळीच कुंकू लावलं होतं. त्यानं पान्याला नमस्कार केला आणि मला परत दिला.

माझं डोकं फिरलं. तो ग्रीस चोळत राहिला. मग लोंबणारा शाफ्ट त्यानं दोरीनं वर बांधला, मेव्हण्याचा ट्रॅक्टर आणला आणि टँकर मागं जोडला.

"ट्रॅक्टरची पूजा न्हाई व्हय?" मी विचारलं.

"वाहनं उद्या, दसऱ्याला."

जॉइंट तासाभरात बसला असता; त्याऐवजी त्यानं मला टँकरसकट दुपारभर बैलाच्या चालीनं ओढत नेलं. वस्तीवर बायका ताट घेऊन आल्या आणि ओवाळलं कुणाला, तर त्याला. पाणी माझ्या टँकरमधलं होतं.

त्यानं बोटं चोळत मागं माझ्याकडं पाहिलं.

"आवं मावशी, मागच्या पावण्यांनाबी कुंकू लावा. बसून बसून दमल्यात."