समोरच्या हाटेलातलं हसू

मेहकरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत हिंमतरावाचं हाटेल. पाटी कधी लावली नाही, गरज पडली नाही. सकाळी कचोरी अन् पोहे, दुपारून नुसता चहा. गल्लीच्या एका टोकाला माळ्यांची घरं, दुसऱ्या टोकाला बुद्धविहार, मधून मशिदीकडे जाणारी बोळ. तहसीलच्या कामाला आलेली तांड्यावरची माणसंही याच वाटेनं जात. ही सगळी हिंमतरावाच्या बाकड्यांवर मांडीला मांडी लावून बसत, आणि याचा हिंमतरावाला मोठा ताठा होता. "माह्या हाटेलात कोणी कोणाची जात पुसत नाही," असं तो नव्या गिऱ्हाइकाला हमखास ऐकवी. भट्टीमागे एक पडदा होता. पडद्यामागे त्याची बायको सुचिता तीस वर्षं बटाटे सोलत आणि पीठ मळत आली होती.

बरोबर समोर सारिकानं खानावळ काढली, तेव्हा हिंमतराव हसला होता. सारिका विहारात जाणारी. मुलींच्या वसतिगृहात बरीच वर्षं स्वयंपाक केलेला. वसतिगृह बंद पडलं तसं तिनं घराची पुढची खोली मोकळी केली, चार टेबलं मांडली. भाकर, वरण, एक भाजी, ठेचा. मांसमच्छी नाही, म्हणजे कोणालाही बसता यावं.

"दोन महिने," हिंमतराव मुनाफभाईला म्हणाला. मुनाफभाई ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे दुरुस्त करायचा आणि रोज दहा वाजता त्याच्याकडे चहाला यायचा. "भाकर खायले कोण हाटेलात येते बे? भाकर तं घरी भेटते."

दोन महिने गेले आणि समोरची टेबलं कमी पडायला लागली. हिंमतरावानं आपली खुर्ची आधी रस्त्याकडे पाठ करून ठेवली होती. ती हळूहळू फिरत फिरत सरळ समोर तोंड करून बसली. त्याला दिसायचं ते असं: बुरखा घातलेली एक आई दोन लेकरांना भरवते आहे. शेजारी तांड्यावरची म्हातारी, हातभर बांगड्या, भाकर चुरते आहे. तिच्या पलीकडे विहारामागच्या दोन शिक्षिका, आणि त्यांच्याशी बोलते आहे ती माळ्यांची सोजराबाई. जी सोजराबाई भाजी विकून सरळ घर गाठायची, रस्त्यात पाण्याचा घोटही घ्यायची नाही, ती पाय पसरून, पदरानं वारा घेत बसलेली!

हिंमतराव आतून जळे. गिऱ्हाईक त्याचं फारसं घटलं नव्हतं. पुरुष येत होते, चहा पीत होते. पण ते चहा पिऊन उठत, आणि समोर माणसं बसून राहत. मुनाफभाईसुद्धा चहा इथं घेऊन जेवायला तिकडे जायला लागला.

"तुह्या घरी भाभी सैपाक नाही करत का?" हिंमतरावानं एकदा विचारलंच.

"अरे, भाभीच तिथं बसेल असते," मुनाफभाई हसत म्हणाला. "मी घरी जाऊन काय करू?"

त्या रात्री हिंमतरावाला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं सुचिताला पडद्याबाहेर बोलावलं. "जाय अन् खाऊन पाहाय. ठेच्यात काय टाकते ते समजलं पायजे."

सुचिता लुगड्याला हात पुसून गेली. अर्ध्या तासात यायला हवी होती. चहाची दुसरी किटली संपली तरी आली नाही. आणि मग समोरून हसू ऐकू आलं. तोंडावर पदर न घेता, मोकळ्या गळ्यानं हसणं. हिंमतरावानं मान वर केली. हसत होती ती सुचिताच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता.

"काय टाकते?" ती आल्याबरोबर त्यानं विचारलं.

"मिरची, लसूण, मीठ," सुचिता म्हणाली आणि पडद्यामागे गेली. दुसऱ्या दिवशी ती न सांगता गेली. तिसऱ्या दिवशीही.

आता हिंमतरावाच्या जळण्याला दोन तोंडं फुटली. सारिकानं त्याची गल्ली नेली ती नेलीच, वर बायकोही नेली. ती बाई दिसायला साधी, बोलायला हळू, येता जाता "काका, बरे हाये ना?" म्हणणारी. तेही त्याला टोचे. भांडायलाही काही जागा ठेवली नाही हिनं!

शेवटी त्यानं एक वाक्य बोलून टाकलं. माळ्यांकडची पाच-सहा मोठी माणसं कचोरी खात होती. हिंमतराव झारा हलवत, कोणाकडे न पाहता म्हणाला, "खायले काय, चांगलंच असंल. पण भांडे कोन्या घरचे, त्याच्यात काय काय शिजते, आपुन थोडंच पाह्यले जातो?"

एवढंच. जात काढली नाही, नाव घेतलं नाही. पण असं वाक्य कसं ऐकायचं ते गल्लीला पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. आठवडाभरात सोजराबाई दिसेनाशी झाली. मग तिच्या जावा, मग किराणावाल्याकडच्या बायका. समोर दोन टेबलं रिकामी राहू लागली. हिंमतराव खुर्चीत बसून ती रिकामी टेबलं पाही. त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, दोन दिवस. मग लक्षात आलं की तिकडून उठलेलं एकही माणूस त्याच्याकडे आलेलं नाही. सोजराबाई पहिल्यासारखी उपाशीपोटी घरी चालली होती.

सुचिताला ते वाक्य सोजराबाईनंच सांगितलं, कोण बोललं त्या नावासकट. सुचिता मागून हाटेलात आली, पडदा बाजूला केला आणि हिंमतरावासमोर उभी राहिली. हाटेलात तेव्हा कोणी नव्हतं.

"तुम्ही बोलले?"

हिंमतराव भट्टीतली राख उकरू लागला.

"माह्या हाटेलात जात पुसत नाही म्हणता ना? मंग तिच्या हाटेलात काऊन पुसली?"

"तिच्यात असं काय हाये तेच मले समजत नाही!" हिंमतराव एकदम उसळला. "माहे बाकडे काय वाईट हायेत? माहा चहा काय कडू हाये? सगळा गाव तिच्याच दारात काऊन?"

सुचितानं समोरच्या खानावळीकडे बोट केलं. मग म्हणाली, "मोरी हाये तिच्याकडं. मागं. संडास हाये, आतून कडी हाये, बादलीभर पाणी असते. कोणी बी बाई जाऊ शकते, खाल्लं तरी अन् नाही खाल्लं तरी."

"काय?"

"बाजाराले, दवाखान्यात येणारी बाई सकाळपासून पाणी पेत नाही, माहीत हाये तुमाले? जाईल कुठं? स्टँडवरच्या संडासाले दार नाही. सोजराबाई तीस वर्षं तशीच तहानली घरी जायची. तुमच्या बाकड्यावर आजवर एक तरी बाई बसली? मी तरी बसली का?"

 इतके दिवस हिंमतराव नुसता ठेच्याचा वास घेत बसला होता.

सुचितानं मग त्याला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ती माळ्यांच्या आळीत गेली, सोजराबाईचा हात धरला आणि तिला भर दुपारी गल्लीतून घेऊन आली. हिंमतरावाच्या दारावरून दोघी पुढे गेल्या. सारिकाच्या अगदी बाहेरच्या टेबलावर, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असं, सुचिता बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "सारिका, दोन ताटं आण वं. वरण जास्तीचं." हिंमतरावाचीच बायको जेवते म्हटल्यावर त्याच्या वाक्याला कोण विचारतो? पंधरवड्यात टेबलं पुन्हा भरली. सगळी नाही. किराणावाल्याकडच्या बायका शेवटपर्यंत आल्या नाहीत.

आणि हिंमतराव? त्यानं उन्हाळ्यात मागच्या भिंतीला लागून संडास बांधला. वर टाकी बसवली, दाराला दोन कड्या लावल्या, एक पुरली असती. पडदा सुचितानं स्वतः काढून टाकला. आता ती गल्ल्यावर बसते आणि बटाटे दोघं मिळून सोलतात. दुपारी मात्र ती समोर जेवायला जाते, यात बदल नाही.

पहिला महिनाभर त्याच्याकडे कोणी बाई फिरकली नाही. मग एका बाजाराच्या दिवशी, समोर पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा, सारिका स्वतः चार-पाच जणींना घेऊन रस्ता ओलांडून आली. "काका, ह्या बायायले बसवा. माह्याकडं खूप गर्दी हाये."

हिंमतरावानं बाकडं पुसलं. कचोऱ्या दिल्या, पाणी दिलं. सारिका परत निघाली तशी तो तिच्यामागे दारापर्यंत गेला.  "त्या भांड्याचं... मी बोललो व्हतो ते..."

"हाव, मले पह्यल्याच दिवशी समजलं व्हतं," सारिका म्हणाली. "भाकरी तव्यावर हायेत काका, जाते मी."

म्हणजे हिला सगळं माहीत होतं, आणि तरी रोज सकाळी "बरे हाये ना" चालू होतं! हिंमतराव तसाच दारात उभा राहिला. त्याला लाज वाटली, ती तर वाटायचीच. पण तिच्याखाली ते जुनं जळणंही जागं झालं. एवढं ऐकून घेऊन असं सहज बोलणं त्याला जमलं नसतं, जन्मात जमलं नसतं. आता तिच्या या गोष्टीचाही हेवा करायचा होता.

"अहो," मागून सुचितानं हाक मारली, "इकडं चहा पायजे पाच."

तो आत वळला आणि त्यानं दूध चढवलं.