पाणमांजराचा मुक्काम

गल्लीत त्यांना सगळे डिंकमावशी म्हणत. खरं तर डिंकाचं त्यांना वावडंच होतं. जुने कागद दुरुस्त करायला त्या घरी शिजवलेली पातळ खळ वापरत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी दूरदेशी. दिवसचे दिवस तोंड उघडायची वेळ यायची ती कोपऱ्यावरच्या दुकानदारापुरती.

एकदा एक निवृत्त मास्तर जुनी फ्रेम काखोटीला मारून आले. आत पाणमांजराचं चित्र होतं, त्यांच्या सासऱ्यांनी काढलेलं. बायको गेल्यावर घर आवरून ते मुलाकडे राहायला निघाले होते.

"काही मोल आहे का याचं, की घालू रद्दीत?"

मावशींनी भिंग लावलं. "छापील नाही, हातचंच आहे. छापील असतं तर बारीक ठिपके दिसले असते. आणि या मिशा बघा, काढल्यात, खोडल्यात, पुन्हा काढल्यात. जनावर समोर बघून काढलंय. सही नाही, त्यामुळे बाजारात फारसं कुणी विचारणार नाही. पण रद्दीत नका घालू."

मास्तर वाकून त्या मिशा बघू लागले. "वाचेल?"

"ठेवून जा."

मागच्या हलक्या प्रतीच्या पुठ्ठ्यानं कागद तपकिरी पडला होता. मावशींनी तो पुठ्ठा पापुद्र्या-पापुद्र्यानं सोलला, मऊ ब्रशनं बुरशी झटकली, चिरेला मागून तलम कागद लावला. शेपटीजवळचा डाग मात्र निघेना. रंगच उतरेल म्हणून त्यांनी नाद सोडला. हात चालू असताना त्या पाणमांजराशी बोलू लागल्या. "काय रे, आज तोंड पाडून का बसलास?" काम संपलं, तरी मास्तरांना कळवायची त्या चालढकल करत राहिल्या.

शेवटी मास्तरच आले. चित्र त्यांनी उजेडात धरून पाहिलं. "पण मुलाच्या घरात रिकामी भिंत नाही हो. तुमच्याकडेच राहू दे?"

'हो' अगदी ओठांवर आलं होतं.

"पेटीत ठेवा," मावशी म्हणाल्या. "वाटेल तेव्हा काढून बघा. तुमच्या घरचं आहे ते. आणि हवा दमट झाली की एकदा दाखवून जा."

दमट दिवस आले नि गेले. मास्तर आले नाहीत. फोन आला तो त्यांच्या सुनेचा.

"बाबांच्या खोलीतलं कपाट हलवून चित्र लावलंय आम्ही. ऊन लागलं तर चालेल?"

"अजिबात नाही. बाजूच्या भिंतीवर घ्या." मग त्यांनी विचारलं, "मास्तर बरे आहेत ना?"

"मजेत! नातीला रोज त्या पाणमांजराच्या गोष्टी सांगतात."

"बरं झालं," मावशी म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला.

टेबलावर कुणाचा तरी फाटका नकाशा पडला होता. त्यांनी दिवा जवळ ओढला आणि बराच वेळ नुसत्याच बसून राहिल्या.