घाणेरीतली वाट

काल सोसायटीच्या माळ्याने कुंपणाची घाणेरी छाटली. तो उग्र वास नाकात गेला आणि बाई गं, माझे पाय जागच्या जागी थांबले.

ऐंशी-ब्याऐंशी सालची गोष्ट असेल. बोरिवलीला डोंगराच्या कडेला एका शेठची झाडीची जागा होती. पावसाळ्यात तिथल्या पायवाटा घाणेरीने बुजून जायच्या. त्या मोकळ्या करायच्या कामाला मी आणि माझी मोठी जाऊ, अक्का, जायचो. ती पुढे कोयता चालवायची, मी मागून फांद्या ओढायचे. तोंड मात्र बंद ठेवायचं नाही, म्हणजे जनावर आवाज ऐकून बाजूला होतं.

त्या सकाळी अक्का बोलता बोलता गप्प झाली. मी वळणावर गेले, तर कापलेल्या फांदीपलीकडे बिबट्या बसलेला. अक्काचा कोयता वरच्या वर राहिलेला. बोलायला तर हवं, पण सुचेना काही. तोंडातून निघालं ते हेच, "अक्का, काल तुमचं कालवण खारट झालं होतं! सगळ्यांनी पाणी ओतून खाल्लं!" मग बोलतच सुटले मी. बिबट्याने कान हलवले, उठला आणि झाडीत शिरला.

"खारट होतं तर कालच सांगायचं ना गं," अक्का पुटपुटली आणि मटकन खाली बसली.

तेव्हा वाटलं, तो आमच्या वाटेत आला. आता वाटतं, पावसाळाभर ती वाट त्याचीच असणार. त्या सकाळी अक्काची बोटं कोयत्यावरून सुटेनात. मी ती एकेक करून सोडवली, आणि तोंडाने कालवणाचंच बोलत राहिले.